सुपातल्यांना एक पत्र

ब्रिटनमध्ये घरदार करून राहिलेल्या माझ्या मराठी मंडळींनो,

सप्रेम नमस्कार.

रथसप्तमीच्या आत उरकायचं म्हणून गेल्या शनिवारी इथे लंडनजवळच्या स्लावमध्ये एका मैत्रिणीकडे हळदीकुंकू झालं. पंचवीसएक बायका, बाहेर तीन वाजताच अंधारून आलेलं, आत मटारची उसळ आणि मसालेदूध. वाणाला यंदाही प्लास्टिकचे डबे. (ते थांबवायला हवं, पण तो वेगळ्या पत्राचा विषय.) बोलता बोलता विषय नेहमीप्रमाणे पीआरवर, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्यावर आला. त्यासाठी लागणाऱ्या पाच वर्षांची दहा करणार म्हणे, काहींची तर पंधरा. त्यावर आमच्यातली एक, स्वभावाने खरं तर फार मायाळू, तिळगूळ तोंडात टाकत म्हणाली, "बरंच झालं बाई. चाळण लागायलाच हवी होती. कोणीही उठून यायला लागलं होतं." चार-पाच माना डोलल्या. दुसरी म्हणाली, "ह्यांच्यामुळे आपलंही नाव खराब होतं." मी काही बोलले नाही. माझ्याही तोंडात तिळगूळ होता.

स्वयंपाकघरात एक मुलगी कप विसळत होती. मिरजेची. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, २०२३ मध्ये केअर व्हिसावर आलेली, जवळच्याच एका वृद्धाश्रमात कामाला. बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नव्हतं, नुसती कमान. तिने सगळं ऐकलं होतं.

तिची नाइट होती म्हणून संध्याकाळी मीच तिला सोडायला गेले. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "काकू, 'ह्यांच्यामुळे' म्हणजे आमच्यामुळेच ना?" मी गाडीतला हीटर वाढवला.

तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता लिहिते आहे. होम सेक्रेटरींना खुली पत्रं लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांना मराठी येत नाही. तुम्हाला येतं.

आधी प्रस्ताव काय आहे ते नीट बघू, कारण परवाच्या खोलीत तो कोणी वाचलेला दिसला नाही. २० नोव्हेंबर २०२५ रोजी होम सेक्रेटरी, म्हणजे गृहमंत्री, शबाना महमूद यांनी तो मांडला. कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे आपण ज्याला पीआर म्हणतो तो आयएलआर, आजवर बहुतेक वर्क व्हिसांवर पाच वर्षांनी मागता यायचा. आता मूळ मुदत दहा वर्षं. त्यात बेरीज-वजाबाकी. तीन वर्षं ५०,२७० पौंडांच्या वर कमाई दाखवली तर पाच वर्षं वजा. १,२५,१४० च्या वर असेल तर सात वजा. सरकारी भत्ते घेतले असतील तर पाच किंवा दहा वर्षं अधिक. डॉक्टर-नर्ससारख्या सार्वजनिक सेवेतल्यांना पाच वर्षांची सूट. आणि पदवीच्या पातळीखालच्या म्हणून नोंदलेल्या कामांवर जे आले, त्यांची सुरुवातच पंधरापासून. केअर वर्कर त्यात आले. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे फक्त उद्या येणाऱ्यांसाठी नाही. जे आधीच इथे आहेत आणि ज्यांच्या हातात अजून आयएलआर पडलेला नाही, त्यांनाही लावायचा विचार आहे.

मिरजेच्या मुलीचं गणित करा. ती आली तेव्हा नियम सांगत होता २०२८. आता २०३८. तिचा मुलगा दोन वर्षांचा असताना विमानात बसला होता. तिच्या हातात तो कागद येईल तेव्हा तो सतरा वर्षांचा असेल. मिरजेत ती नर्स होती. इथे नर्स म्हणून नोंदणी करायची तर परीक्षा, फी आणि वेळ लागतो, म्हणून तोवर केअरर. नर्सला सूट आहे, केअररला शिक्षा आहे, आणि तिचे हात तेच आहेत. तिच्या व्हिसाला लागणारा किमान पगार वर्षाला २५,००० पौंड. ५०,२७० गाठायचे तर तिने दिवसाही जागायचं आणि रात्रीही.

पंधरा हा आकडा ऐकायला नुसता लांबलचक वाटतो. आतून तो कसा लागतो ते सांगते. हा व्हिसा माणसाचा नसतो, मालकाचा असतो. स्पॉन्सर, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, गेला की साधारण साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाही तर बॅगा भरायच्या. जुलै २०२२ पासून अडीच वर्षांत सरकारनेच चारशेहून जास्त केअर कंपन्यांचे स्पॉन्सर परवाने काढून घेतले. बऱ्याच कंपन्या खरोखरच चोर होत्या, त्याबद्दल तक्रार नाही. पण कंपनी बुडाली की तिच्याबरोबर हजारो कामगारही बुडतात. अशा नात्यात मालकाला "माझे ओव्हरटाइमचे पैसे राहिलेत" म्हणायला किती धाडस लागेल? पाच वर्षं माणूस दात-ओठ खाऊन काढतो. पंधरा वर्षं म्हणजे अख्खी उमेद. सरकार म्हणतं शोषण थांबवायचंय. शोषण करणाऱ्याच्या हातातली दोरी तिप्पट लांब करून ते कसं थांबणार, हे मला तरी कळलेलं नाही.

आता तुमचं म्हणणं. "आम्ही रीतसर आलो, डिग्री घेऊन आलो. हे चोरवाटेने आले."

कुठल्या चोरवाटेने? फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने स्वतः केअर वर्करचं काम टंचाईच्या यादीत घातलं, कारण वृद्धाश्रमांत माणूस मिळत नव्हता. व्हिसावर शिक्का सरकारचा. त्याच्या दोन वर्षं आधी, मार्च २०२० पासून दहा गुरुवार, रात्री आठ वाजता आपण सगळे दारात उभे राहून टाळ्या वाजवत होतो, आठवतं? मी तर पितळी ताट आणि पळी घेऊन उभी होते, शेजारचे दचकले होते. मग ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या केअर वर्करना कुटुंब आणायला बंदी. २२ जुलै २०२५ ला परदेशातून भरतीच बंद. आणि आता जे उरलेत त्यांना पंधरा वर्षं. गरज सरो, वैद्य मरो ही म्हण आपली आहे. ती इंग्रजीत करून सरकारला कोणी पाठवली की काय असं वाटतं. गंमत म्हणजे गरजही सरलेली नाही. इंग्लंडमध्ये सोशल केअरच्या एक लाखाहून जास्त जागा आजही रिकाम्या आहेत.

चोरी झाली ती वेगळ्या ठिकाणी. त्या काळात सीओएस, म्हणजे व्हिसासाठी मालकाने द्यायचं स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट, विकण्याचा धंदा चालला. ज्या कागदासाठी कामगाराने एक पैसा देण्याचं कारण नव्हतं, त्याचे लाखो रुपये घेतले गेले. कुणी घेतले? त्यात आपलीही माणसं होती. मराठीत गोड बोलून, "आपलाच मुलगा आहेस" म्हणून घेतले. मिरजेच्या पोरीच्या बापाने त्यासाठी जमिनीचा तुकडा विकलाय. तेव्हा चाळण लावायची असेल तर ती घरापासून लावू.

आणि आपण रीतसर आलो म्हणता, तर आपलं काय झालं होतं तेही काढू या.

मी आणि माझा नवरा जून २००४ मध्ये आलो. एचएसएमपी. नव्या पोरांना हे नावही माहीत नसेल: हायली स्किल्ड मायग्रंट प्रोग्रॅम, जानेवारी २००२ मध्ये सुरू झालेला. पदवी, अनुभव, पगार यांचे गुण मोजायचे, पुरेसे भरले की या. चार वर्षं राहा, मग कायमचे राहा, असं कागदावर होतं. आम्ही सांगलीचं घर भाड्याने दिलं, फ्रिज दिराला दिला आणि आलो. एप्रिल २००६ मध्ये चारची पाच झाली, आलेल्यांनाही लागू. त्याच वर्षी नोव्हेंबरात गुणांचं कोष्टक बदललं, तेही आलेल्यांना लागू. ज्या लोकांना या देशाने आग्रहाने बोलावलं होतं, त्यांतले कितीतरी जण एका सकाळी नापास ठरले. घरं घेतलेले, मुलं शाळेत घातलेले लोक. त्या हिवाळ्यातले आमच्या ओळखीतले फोन मला अजून आठवतात. एक जण रोज पगाराच्या स्लिपा मोजायचा, जणू मोजून त्या वाढणार होत्या.

तेव्हा काय केलं आपण? "चाळण लागायलाच हवी होती" म्हणालो का? एचएसएमपी फोरम उभा राहिला, वर्गण्या जमल्या, लोक कोर्टात गेले. ८ एप्रिल २००८ ला हायकोर्टाने सांगितलं की आधी आलेल्यांना नवं कोष्टक लावणं बेकायदा आहे. पुढच्या वर्षी, २००९ च्या एप्रिलमध्ये, चारच्या पाच करण्याबद्दलही तेच सांगितलं. निकाल आला तेव्हा आमची पाच वर्षं तशीही भरत आली होती, तरी मी त्या दिवशी शिरा केला.

फक्त एका वर्षासाठी आपल्याला इतकं लागलं होतं. हिला दहा वर्षं वाढवून सांगतायत.

आणि हे लिहू की नको असा विचार चार दिवस केला, शेवटी लिहितेच. परवा चाळणीचं बोलणारी माझी मैत्रीण २००६ च्या डिसेंबरमध्ये माझ्या स्वयंपाकघरात बसून खासदाराला पत्र लिहीत होती. मसुदा मी तपासला होता. "आम्ही तुमच्या शब्दावर विसंबून आयुष्य उभं केलं आहे," असं एक वाक्य त्यात होतं, आणि ते लिहिताना ती रडली होती. सखे, ते पत्र माझ्याकडे अजून आहे. हवं असेल तर तारीख आणि नाव बदलून देते.

देशाने आपले दरवाजे किती उघडायचे ते त्या देशाने ठरवावं, याबद्दल माझा वाद नाही. आकडा मोठा झाला होता, हे आपणही मान्य करायला हवं. वर्षाची निव्वळ आवक नऊ लाखांच्या वर गेली होती. शाळा, दवाखाने, भाड्याची घरं यांवर ताण येणारच. तो आकडा जून २०२५ ला संपलेल्या वर्षात दोन लाख चार हजारांवर आला आहे. उद्या येणाऱ्याला सांगा, बाबा रे, इथे पंधरा वर्षं लागतील. त्याला यायचं तर येईल, नाही तर जर्मनीला जाईल. पण कबड्डीत चढाईला गेलेला गडी परत फिरला, की मधली रेषाच दहा हात मागे सरकवायची, याला कुठल्या गावात खेळ म्हणतात? २०२६ ते २०३० या काळात सोळा लाख लोक कायम होतील, असा सरकारचा अंदाज आहे, आणि तो आकडा वाचून भीती वाटावी अशा बेताने मांडला जातो. हे सोळा लाख आभाळातून पडलेले नाहीत. त्यांतल्या बहुतेकांना याच देशाने व्हिसा देऊन आणलं.

इंग्रज माणसाचा राग खोटा आहे असंही मी म्हणणार नाही. माझ्या शेजारी चौऱ्याऐंशी वर्षांच्या एक बाई राहतात, एकट्या. गेल्या ऑगस्टमध्ये गावोगावी दिव्यांच्या खांबांवर झेंडे चढले, रस्त्यातल्या गोलांवर तांबडे क्रूस रंगवले गेले, तेव्हा त्यांनीही खिडकीत एक छोटा झेंडा लावला. मला बघून जरा ओशाळल्या आणि म्हणाल्या, "तुझ्याबद्दल नाही हं हे. तू आमच्यातली." त्यांनी २०२४ ला रिफॉर्म या स्थलांतराविरुद्ध बोलणाऱ्या पक्षाला मत दिलं होतं, स्वतःच सांगितलं. मी त्यांना होळीला पुरणपोळी देते, त्या मला ख्रिसमसला मिन्स पाय देतात, आमचं बरं चाललंय. रोज सकाळी त्यांना उठवून आंघोळ घालायला येते ती झिंबाब्वेची. तिलाही त्या म्हणत असणार, तू आमच्यातली. ओळखीची ती आमच्यातली आणि न दिसणारी ती "ह्यांच्यातली", हे वाक्य मी शनिवारी मराठीतून ऐकलं, म्हणून तर जास्त लागलं.

त्यांच्या तक्रारी मी ऐकते. जीपीची, म्हणजे डॉक्टरची, वेळ मिळत नाही, फुटपाथ फुटलेत, टॅक्स वाढला. सगळं खरं आहे. पण आमच्या स्लावचं बघा. जुलै २०२१ मध्ये आमच्या काउन्सिलने सेक्शन ११४ ची नोटीस काढली, म्हणजे साध्या भाषेत दिवाळं. कर्ज काढून केलेल्या गुंतवणुकी, वर्षानुवर्षे न लागलेले हिशेब. मग सरकारचे कमिशनर येऊन बसले, मालमत्ता विकायला काढल्या, आणि २०२३ मध्ये काउन्सिल टॅक्स एका फटक्यात ९.९९ टक्क्यांनी वाढला. यात केअररने काय केलं होतं? हिशेब तिने लिहिले नव्हते. पण हिशेब डोळ्यांना दिसत नाहीत आणि बसस्टॉपवर उभी असलेली सावळी मुलगी दिसते.

आपल्या लोकांना हे समजावून सांगायची वेळ यावी, याचं मला नवल वाटतं. लेस्टरचं उदाहरण आपण प्रत्येक पाहुण्याला देतो. बेलग्रेव्ह रोडची दिवाळी दाखवायला गाडी काढून नेतो. त्याच लेस्टरच्या काउन्सिलने सप्टेंबर १९७२ मध्ये 'युगांडा आर्गस' या पेपरात जाहिरात दिली होती: तुमच्या आणि तुमच्या कुटुंबाच्या हितासाठी लेस्टरला येऊ नका. युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने नव्वद दिवसांत देश सोडायला सांगितलेल्या आशियाई लोकांना उद्देशून. ते आले, म्हणून आज तिथे दिवाळी आहे.

पुढे अशाच बाहेरून आलेल्या लोकांची मुलं मोठ्या पदांवर गेली. प्रीती पटेल होम सेक्रेटरी असताना २०२० मध्ये त्यांना रेडिओवर विचारलं, तुमच्या नव्या नियमांत तुमचे आईवडील तरी बसले असते का? कदाचित नसते, असं त्यांनी कबूल केलं आणि नियम पुढे नेले. त्यांच्यानंतर होम सेक्रेटरी झालेल्या सुएला ब्रेव्हरमन यांचे वडील केनियातून आलेले, मूळ गोव्याचे, आडनाव फर्नांडिस. २०२३ च्या पक्षाच्या अधिवेशनात त्या म्हणाल्या, माझ्या आईवडिलांना इथे घेऊन आलेला वारा म्हणजे नुसती झुळूक होती, आता येतंय ते वादळ. स्वतः आत आलो तेव्हा झुळूक, दुसरा आला की वादळ. शबाना महमूद यांच्याही घराचं मूळ मिरपूरला आहे. त्या काही दुष्ट बाई आहेत असं मला वाटत नाही. आपण कडक झालो नाही तर आपल्याहून कडक येतील, असा त्यांचा हिशेब असावा. असे हिशेब सहसा दुसऱ्याच्या खात्यातून फेडले जातात.

थोडं आपल्या घरातलं. मी सांगलीची, पण कॉलेज मुंबईला केलं. परप्रांतीयांचे लोंढे हा शब्द मी वयाच्या अठराव्या वर्षापासून ऐकते आणि खोटं कशाला बोलू, वापरलाही आहे. २००८ मध्ये रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय पोरांना मुंबईत मारहाण झाली, तेव्हा इथे बसून "बरोबर केलं" म्हणणारे फोन मी ऐकले आहेत. म्हणणारे स्वतः व्हिसावर होते. मराठी माणसाच्या तक्रारीतही खरं काही होतं, जसं माझ्या शेजारणीच्या तक्रारीत आहे. पण त्या वर्षी आपण इथे उपरे होतो आणि तिथे भूमिपुत्र, एकाच वेळी, एकाच तोंडाने. मला तेव्हा हे सुचलं नाही. शनिवारी सुचलं.

आता मुख्य. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे आयएलआर आहे, आम्हाला काय. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, ही म्हण तुम्ही आईकडून ऐकली असेल. २२ सप्टेंबर २०२५ ला रिफॉर्मने जाहीर केलं की ते सत्तेत आले तर आयएलआर हा प्रकारच रद्द करतील. पुढच्यांचाच नाही, दिलेलासुद्धा. त्याऐवजी दर पाच वर्षांनी नवा व्हिसा, वाढत्या पगाराची अट. पंतप्रधान स्टार्मर यांनी त्याला वंशवादी धोरण म्हटलं, आणि दोन महिन्यांत त्यांच्याच सरकारने हा पंधरा वर्षांचा प्रस्ताव आणला. जातं कुठल्या दिशेने फिरतंय ते बघा. पहिल्यांदा नावेतून येणारे, मग केअरर, मग आयएलआरवाले. भारताला दुहेरी नागरिकत्व चालत नाही म्हणून आपल्यातल्या कितीतरी जणांनी वीस-वीस वर्षं भारतीय पासपोर्ट सोडलेला नाही. मीही नाही. आईच्या वाड्याचं काही तरी होईल, निवृत्तीनंतर परत जाऊ, असं म्हणत राहिले. म्हणजे मीसुद्धा सुपातलीच.

रिफॉर्म कुठे येतेय, असं म्हणणाऱ्यांसाठी २०२४ चे आकडे. लेबरला ३३.७ टक्के मतं आणि ४११ जागा. रिफॉर्मला १४.३ टक्के आणि ५ जागा. लिबरल डेमोक्रॅट्सना त्याहून कमी, १२.२ टक्के, आणि जागा ७२. इथली पद्धत अशीच आहे, आपल्याकडच्यासारखी: जो पुढे तो आत, बाकीची मतं वाऱ्यावर. एका तृतीयांश मतांवर प्रचंड बहुमत मिळू शकतं, मग ते कोणालाही मिळू शकतं. मतदान किती, तर साठ टक्केही नाही.

आणि इथे मी तुम्हाला खरंच रागावणार आहे. गणपतीला आरतीच्या वेळी मी सहज विचारत फिरले, तर नऊ जणांना ठाऊकच नव्हतं की त्यांना इथे मत आहे. कॉमनवेल्थ देशाचा नागरिक, कायदेशीर व्हिसावर इथे राहणारा, अठरा पूर्ण: त्याला पार्लमेंटसकट सगळ्या निवडणुकांत मत देता येतं. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही, आयएलआर लागत नाही, किती वर्षं झाली हे कोणी विचारत नाही. आमच्या गल्लीतला जर्मन माणूस माझ्याआधी आलेला, त्याला खासदार निवडता येत नाही. कालच नाशिकहून आलेल्या विद्यार्थ्याला येतो. साम्राज्याने आपल्याकडून जे नेलं त्याची यादी मोठी आहे, पण जाता जाता हे एक ताट वाढून ठेवलं, आणि आपण त्यावर जेवतच नाही. मतदान केंद्रावर ओळखपत्र म्हणून भारतीय पासपोर्ट चालतो. नोंदणी ऑनलाइन होते, नॅशनल इन्शुरन्स नंबर लागतो, पाच मिनिटांचं काम. क्रेडिट स्कोअरला मदत होते म्हणून तरी करा, हे मी पुरुषमंडळींना सांगते तेव्हा ते लगेच फोन काढतात.

एका मताने काय होतं, हेही उत्तर तयार असतं. २०२४ ला हेंडनची जागा १५ मतांनी ठरली. वायव्य लंडन, आपली माणसं गल्लोगल्ली. पंधरा! एका हळदीकुंकवाला याहून जास्त बायका असतात. आणि मागे जायचं तर १८९२ ला जा. एल्फिन्स्टनमध्ये शिकवलेले दादाभाई नौरोजी फिन्सबरी सेंट्रलमधून पार्लमेंटवर निवडून आले. काळ्या माणसाला इथले मतदार निवडणार नाहीत, असं पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी आधी बोलून बसले होते. दादाभाई आले ते हाताच्या बोटांवर मोजावीत इतक्या मतांच्या फरकाने. लोकांनी गमतीने नौरोजीचं 'नॅरो मेजॉरिटी' करून टाकलं. त्यांना निवडणारे बहुतेक गोरेच होते. त्यांच्यातल्या चार-पाच जणांनी त्या दिवशी "एका मताने काय होतं" म्हणून घरी चहा घेतला असता तर?

कोणाला मत द्या हे मी सांगत नाही. आमच्या घरातच दोन पक्ष आहेत, आणि जेवताना तो विषय काढायचा नाही असा नियम आहे. ७ मे २०२६ रोजी लंडनच्या सगळ्या ३२ बरोंमध्ये, म्हणजे तिथल्या काउन्सिलांच्या, निवडणुका आहेत. हॅरो, ब्रेंट, हाउन्स्लो, सगळीकडे. नोंदणीची मुदत एप्रिलमध्येच संपते. उमेदवार दारात येईल तेव्हा मराठी माणसासारखं "हो हो, नक्की" म्हणून दार लावू नका. त्याला विचारा, आधी आलेल्यांना नवा नियम लावण्याबद्दल तुझं काय म्हणणं आहे. काउन्सिलरच्या हातात व्हिसा नसतो हे मला कळतं, पण दारांत काय विचारलं जातं ते वर पोचतं.

त्याआधी दुसरं काम. या प्रस्तावावर सरकारने लोकांची मतं मागवली आहेत, १२ फेब्रुवारी २०२६ पर्यंत. फॉर्म लांब आहे आणि प्रश्न असे विचारले आहेत की उत्तर आपोआप "हो" येईल, पण आधीच इथे असलेल्यांना काय लावायचं, याबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहिता येतं. तिथे २००६ ची गोष्ट लिहा. आयटीवाल्यांनो, तुमच्यासाठीही आहे हे: ५०,२७० च्या खाली असाल तर तुमचीही दहा होणार, आणि त्या प्रत्येक वर्षाला माणशी १,०३५ पौंडांचा हेल्थ सरचार्ज. पाचाचे ५,१७५ होतात, दहाचे १०,३५०. शेवटी आयएलआरची फी (२०२५ च्या दराने) ३,०२९, ती वेगळी. बायको डिपेंडंट असेल तर तिचा हिशेब तुमच्याबरोबर न होता स्वतंत्र व्हायचा आहे. म्हणजे मुलं सांभाळायला घरी बसलेल्या बाईचं घड्याळ वेगळं चालणार, आणि किमान कमाईच्या अटीपाशी ते कदाचित बंदच पडणार. शनिवारी माना डोलावणाऱ्यांत दोघी अशाच घरच्या होत्या.

तर येत्या रविवारी दुपारी माझ्याकडे या. लॅपटॉप आणा, पासपोर्ट आणा, नॅशनल इन्शुरन्स नंबर पाठ नसेल तर जुनी पगाराची स्लिप आणा. आधी फॉर्म भरू, मग मतदारयादीत नावं घालू. पत्ता ग्रुपवर टाकते. माझ्या मैत्रिणीला मी स्वतंत्र फोन केला आहे. ती "बघते" म्हणाली आहे, पण रव्याचे लाडू आणू का हेही विचारलंय, म्हणजे येईल.

वेळ तीनची ठेवली आहे. मिरजेची मुलगी शनिवारची नाइट करून दोनला उठते.

तुमचीच,
स्लावची एक काकू
जानेवारी २०२६